शाळेची वाट आणि सोबत

रायपूर शहराच्या उत्तरेस, बिरगावला लागून, उरला नावाची वस्ती आहे. मराठी माणसाने हे नाव प्रथमच ऐकले, तर त्याला शाळेतल्या भागाकाराची आठवण होऊन हसू यावे. एके काळी हे धानशेतीच्या प्रदेशातील एक खेडे होते. पुढे येथे औद्योगिक क्षेत्र उभे राहिले आणि शेतांच्या जागी रोलिंग मिल, स्पंज आयर्नचे कारखाने, लोखंडाची गोदामे व लहानमोठ्या कार्यशाळा आल्या. कोळसा आणि लोहखनिज यांची ने-आण येथे दिवसरात्र चालते. दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर आणि तुळशीच्या पानांवर काळसर धुळीचा थर बसतो. तो झटकून टाकणे हा तेथील घरकामाचाच एक भाग झाला आहे.

या वस्तीत माणसे अनेक दिशांनी आली. छत्तीसगडच्या खेड्यांतून, ओडिशातून, बिहार व उत्तर प्रदेशातून आली, तशी भंडारा, गोंदिया, नागपूर या बाजूंनीही आली. रायपूरला मराठी माणूस नवा नाही. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून या प्रदेशाशी मराठी भाषकांचा संबंध आहे. शहरातील तात्यापारा हा भाग मराठी कुटुंबांची जुनी वस्ती म्हणून ओळखला जातो आणि महाराष्ट्र मंडळासारखी जुनी संस्थाही शहरात आहे. मात्र तात्यापाऱ्यातील मराठी घर आणि उरल्यातील मराठी घर यांत मोठे अंतर आहे. तात्यापाऱ्यातील घराला शेजार आहे, नातीगोती आहेत, गणेशोत्सव आहे. उरल्यात पाळीने काम करणाऱ्या कामगाराचे घर बहुधा एकटे असते. आजी गावाकडे राहिलेली, मामा-काका दूर, शेजारी दुसरी भाषा बोलणारे. अशा घरात आजारपण आले किंवा रात्रपाळी आली, म्हणजे या एकटेपणाची जाणीव होते. परंतु तो एकटेपणा रोज, न चुकता जाणवतो तो सकाळी, मुलाने शाळेचे दप्तर खांद्याला लावले म्हणजे.

सकाळच्या त्या वेळी तेथील रस्त्यावर दोन प्रवाह एकदम वाहू लागतात. एक मालमोटारींचा, कामगारांच्या सायकलींचा आणि दुचाक्यांचा, दुसरा गणवेशातील मुलांचा. पहिल्यासाठी रस्ता बांधलेला आहे. दुसऱ्याने त्या रस्त्याच्या कडेने, खडी, चिखल आणि उभ्या ट्रकांच्या चाकांमधून आपली वाट काढावयाची असते.

मराठीत ‘सोबत’ हा एक साधा शब्द आहे. साधा असला, तरी दुसऱ्या भाषेत तो तसाच्या तसा नेता येत नाही. कोणी बाजारात निघाले, तर ‘थांब, मी येते सोबतीला’ असे म्हटले जाते. तेथे काम असते एकीचेच, दुसरी केवळ वाट चालण्यासाठी निघते. पूर्वी घरी आलेल्या पाहुण्याला वेशीपर्यंत पोचवायला जात. नदी आडवी असेल, तर नदी उतरून देत. सासरी निघालेल्या मुलीबरोबर पाठराखीण जाई. वाटेत कोणी नसले, तर माणसाचे धैर्य खचते आणि कोणी असले, तर तीच वाट लहान होते, हे आपल्या समाजाने फार पूर्वी ओळखले होते. लहान मुलाची शाळेची वाट मात्र या जुन्या शहाणपणातून कशी कोण जाणे निसटली. ‘शाळा ही काय, इथेच तर आहे,’ असे म्हणून मुलाला उंबऱ्याबाहेर पाठवून दिले जाते.

‘इथेच’ म्हणजे किती, हे कायद्यानेही सांगितले आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ साली संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याखालील केंद्राच्या नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत, तर सहावी ते आठवीच्या मुलांसाठी तीन किलोमीटरच्या आत शाळा असावी, अशी अपेक्षा आहे. ही तरतूद मोलाची आहे. नकाशावर पट्टी ठेवून मोजले, तर अनेक वस्त्या या नियमात बसतात. परंतु नकाशावरचा एक किलोमीटर आणि सात वर्षांच्या मुलीचा एक किलोमीटर यांची लांबी सारखी नसते. तिच्या किलोमीटरमध्ये एक उघडा नाला असतो, भटक्या कुत्र्यांची एक टोळी असते, दारूच्या दुकानासमोरचा एक घोळका असतो, एखादे रेल्वे फाटक असते आणि मागे घेतला जाणारा ट्रकही असतो. पाऊस सुरू झाला, की या सर्वांवर गुडघाभर पाणी येते. पट्टीला अंतर मोजता येते, तिला भीती मोजता येत नाही.

मुलांची शाळा सुटते ती अशाच वाटेवर. ‘आजपासून हिला शाळेत पाठवायचे नाही,’ असा ठराव सहसा कोणत्याही घरात होत नाही. आधी पावसाचे चार दिवस घरी राहणे होते. मग धाकट्या भावाला ताप येतो म्हणून दोन दिवस. त्यानंतर एकदा वाटेत कोणीतरी काही बोलते. मुलगी घरी येऊन ते सांगत नाही, फक्त दुसऱ्या दिवशी पोट दुखते म्हणते. आई कामावर गेलेली, बाप रात्रपाळी करून झोपलेला. हळूहळू वर्गातील धडे पुढे जातात, ती मागे राहते आणि मागे राहिल्याची लाज वाटू लागली, की वाट कायमची बंद होते. मुक्त विद्यालयाचा प्रवेश अर्ज भरण्यासाठी पस्तिसाव्या, चाळिसाव्या वर्षी येणाऱ्या अनेक स्त्रियांच्या आयुष्यात असे एखादे वर्ष असते. ‘अभ्यासात मन नव्हते’ असे त्या सांगतात, कारण तसेच सांगायची सवय झालेली असते. थोडे अधिक बोलणे झाले, म्हणजे कळते की मन होते, बुद्धीही होती. वाटेवर कोणी नव्हते.

सावित्रीबाई फुले यांचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. तेथे शिकवायला जाताना त्यांच्यावर शेण, चिखल आणि दगड फेकले जात. खराब झालेले लुगडे बदलता यावे म्हणून त्या दुसरे लुगडे जवळ ठेवीत, हे आता शाळेतील लहान मुलेही सांगतात. या प्रसंगातील एका गोष्टीकडे मात्र पुरेसे लक्ष जात नाही. विरोधकांना शाळेत शिरून फळा फोडण्याची गरज वाटली नाही. त्यांनी वाट निवडली. घर आपले असते, शाळाही आपली असते, त्या दोहोंमधला रस्ता कोणाचाच नसतो आणि माणसाला शिक्षणापासून तोडायचे असेल, तर तेथेच तोडावे लागते, हे त्यांना बरोबर कळले होते. सावित्रीबाईंच्या सोबतीला पुढे एक शिपाई देण्यात आला होता, अशी आठवण सांगितली जाते. त्यांच्या धैर्याचा गौरव करताना त्या शिपायाची पावलेही आठवली पाहिजेत.

दुसरे उदाहरण धोंडो केशव कर्वे यांचे. कोकणातील मुरूड गावी वाढलेले कर्वे १८७५ साली सहावीच्या परीक्षेसाठी साताऱ्याला निघाले. अंतर शंभर मैलांहून अधिक, भर पावसाचे दिवस, मध्ये सह्याद्रीचा घाट. सोबतीला गावचे काही विद्यार्थी होते. भिजत, चिखल तुडवीत ते वेळेवर पोचले आणि वयाने लहान दिसतो एवढ्या कारणावरून परीक्षेला बसू न देता कर्व्यांना परत पाठवण्यात आले! त्या परतीच्या वाटेवर ते एकटेच असते, तर काय झाले असते, हे सांगता येत नाही. पुढच्याच वर्षी त्यांनी ती परीक्षा दिली. नंतरच्या आयुष्यात फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवणारे हेच कर्वे पुणे आणि हिंगणे यांमधली वाट ऊन-पावसात पायी तुडवीत राहिले, कारण हिंगण्याच्या माळावरील आश्रमात विधवा स्त्रिया शिकत होत्या.

मुलांनी घोळक्याने आणि मोठ्यांच्या सोबतीने शाळेत चालत जावे, ही कल्पना अलीकडे जगात अनेक ठिकाणी योजनापूर्वक अमलात आणली गेली आहे. जपानमध्ये प्राथमिक शाळेतील एका आळीची मुले ठरलेल्या ठिकाणी जमतात आणि रांगेने शाळेत जातात. वरच्या वर्गातील मूल पुढे असते, लहान मुले मध्ये. ऑस्ट्रेलियातील डेव्हिड एंगविक्ट यांनी १९९० च्या दशकात ‘चालती बस’ ही कल्पना मांडली. बससारखेच थांबे, बससारखीच वेळ, मात्र वाहन नाही. पालक पुढे-मागे चालतात आणि थांब्याथांब्यावर मुले त्यांना येऊन मिळतात. इंग्लंडमध्ये १९९८ च्या सुमारास सेंट अल्बान्स या गावी अशी रांग सुरू झाली. त्या देशांतील अडचण उरल्याच्या अगदी उलट होती. तेथे प्रत्येक पालक आपापल्या मोटारीने मुलाला पोचवू लागल्यामुळे शाळेच्या दाराशी मोटारींची दाटी होई आणि त्या दाटीचाच मुलांना धोका होई. चालणे विसरलेल्या समाजाला पुन्हा चालायला शिकवण्याचा तो खटाटोप होता.

महाराष्ट्रातील वाचकाला हे काही परके वाटणार नाही. आषाढात पंढरीच्या वाटेला लागणाऱ्या दिंडीची रचना थोडीफार अशीच असते. पुढे पताका, मागे टाळकरी, मध्ये मृदंग आणि वीणा, डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या स्त्रिया. प्रत्येक दिंडीला क्रमांक असतो. त्यामुळे हजारोंच्या गर्दीतही चुकलेला माणूस आपल्या दिंडीपर्यंत पोचतो. थकलेल्या म्हातारीचे ओझे दुसरा उचलतो आणि त्यासाठी कोणी सभा भरवत नाही. शेकडो वर्षे पायी चालण्याची ही शिस्त ज्या समाजाकडे आहे, त्याला सहा मुलांची रांग करून एक किलोमीटर नेणे कठीण का वाटावे?

कठीण वाटते, याचे एक खरे कारण आहे आणि ते हसण्यावारी नेण्यासारखे नाही. उरल्यातील मजुराला वेळ नसतो. कारखान्याच्या दारावर दहा मिनिटे उशीर झाला, तर हजेरी जाते. घरकाम करणाऱ्या बाईने रोज अर्धा तास उशिरा यायचे म्हटले, तर ते काम दुसरीकडे जाते. ‘पालकांनी मुलांबरोबर चालत जावे’ असे फलकावर लिहिणे सोपे आहे, परंतु एका कुटुंबाने रोज ते करावे, ही अपेक्षा अन्यायाची आहे. म्हणूनच येथे ‘कुटुंबाने’ ऐवजी ‘कुटुंबांनी’ म्हणावे लागते. समजा, एका गल्लीत शाळेत जाणारी मुले असलेली सहा घरे आहेत. शाळेचे आठवड्याचे दिवसही सहाच. प्रत्येक घराच्या वाट्याला आठवड्यातून एक दिवस येतो. रात्रपाळी संपवून सकाळी घरी येणारा बाप, दुपारपाळीला जाणारा काका, वरच्या घरातील आजोबा, कोणीही तो दिवस सांभाळू शकतो. उरलेले पाच दिवस त्या घराचा अर्धा तास वाचतो. हा हिशेब पाटीवर मांडून दाखवण्याइतका सरळ आहे.

येथे एक गोष्ट नमूद करणे भाग आहे. पाळी लावताना ती नेमकी बायकांच्याच नावावर पडते. बापाला मुलाचा वर्ग कोणता, हे विचारले, तर तो आधी बायकोकडे पाहतो. ज्या पुरुषाने आपल्या मुलीला वर्षातून तीस दिवस जरी चालत शाळेत पोचवले, त्याला तिच्या शिक्षिकेचे नाव, तिच्या मैत्रिणींची भांडणे आणि वाटेवरची धोक्याची जागा या तिन्ही गोष्टी कळतील. त्यातली एकही पगारपत्रकावर कळत नाही.

सहा घरांत सहा भाषा असतील, हीसुद्धा अडचण सांगितली जाते. परंतु छत्तीसगडच्या मातीत यावर जुना उपाय आहे. येथे ‘मितान’ जोडण्याची प्रथा आहे. दोन व्यक्ती विधिपूर्वक मैत्री पत्करतात आणि मग त्यांची कुटुंबे जात किंवा कूळ वेगळे असले, तरी एकमेकांना सोयऱ्यांप्रमाणे मानतात. महाप्रसाद, गंगाजल, भोजली अशी या नात्यांची सुंदर नावे आहेत. राज्यात २००२ पासून गावोगावी आरोग्यसेविका नेमल्या गेल्या, त्यांनाही ‘मितानिन’ हेच नाव दिले गेले. जेथे मैत्रीलाच नात्याचा दर्जा आहे, तेथे मराठी घराने शेजारच्या छत्तीसगडी किंवा ओडिया घराच्या हाती आपले मूल देण्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही. उलट परगावाहून आलेल्या कुटुंबाला असे नाते जोडायला शाळेच्या वाटेइतके चांगले निमित्त क्वचितच मिळेल.

मुले घोळक्याने निघाली, एवढ्याने ती सुरक्षित होत नाहीत. गप्पांत रंगलेला घोळका एकट्या मुलापेक्षाही बेसावध असतो. ठरलेल्या जागी, उदाहरणार्थ हातपंपापाशी किंवा किराणा दुकानासमोर, ठरलेल्या वेळी जमावे. पाच मिनिटांपेक्षा अधिक थांबू नये. एक मोठे माणूस पुढे आणि एक मागे असावे. मागे दुसरे मोठे माणूस नसेल, तर वरच्या वर्गातील समजूतदार मूल असावे. पदपथ नसेल तेथे रस्त्याच्या उजव्या कडेने चालावे, म्हणजे समोरून येणारे वाहन दिसते. डाव्या कडेने चालणाऱ्याच्या पाठीमागून वाहन येते आणि ते त्याला दिसत नाही. लहान मूल हाताला धरायचे, तर त्याला रस्त्याच्या बाजूला न ठेवता आतल्या बाजूला ठेवावे.

ट्रकच्या बाबतीत आणखी एक गोष्ट मुलांना वारंवार सांगावी लागते. मुलाला ट्रक एवढा मोठा दिसतो, की ट्रकवाल्यालाही आपण दिसतच असणार, असे त्याला वाटते. वस्तुस्थिती वेगळी आहे. चालक उंचावर बसलेला असतो. त्याच्या वाहनाच्या अगदी पुढे, अगदी मागे आणि दाराच्या खालच्या बाजूला उभे असलेले लहान मूल त्याला दिसत नाही. म्हणून उभ्या ट्रकच्या नाकासमोरून किंवा मागून कधीही जाऊ नये, मग तो बंद असो वा सुरू. वाहनाच्या वेगाचा अंदाजही साधारणपणे नऊ-दहा वर्षांपर्यंतच्या मुलाला नीट येत नाही. ताशी चाळीस किलोमीटर वेगाने येणारे वाहन एका सेकंदात सुमारे अकरा मीटर पुढे येते, म्हणजे चालकाने ब्रेकवर पाय ठेवण्याआधीच तेवढे अंतर संपलेले असते. रस्ता ओलांडण्याचा निर्णय म्हणूनच मोठ्याने घ्यावा आणि सर्वांनी एकदम ओलांडावे. अर्धी रांग या बाजूला आणि अर्धी त्या बाजूला, असे होऊ देऊ नये.

एप्रिल महिन्यात रायपूरच्या उन्हात डांबर मऊ होते. त्या दिवसांत पाण्याची बाटली आणि डोक्याला टोपी किंवा ओढणी हवीच. पावसाळ्यात नाल्यावर पाणी असेल, तर त्या दिवशी शाळा नाही, हा निर्णयही रांगेतल्या मोठ्या माणसाने घ्यावा, तो मुलांवर सोपवू नये.

आता प्रतिष्ठेचा प्रश्न. अलीकडे चालत शाळेत जाणे हे गरिबीचे लक्षण मानले जाऊ लागले आहे. जवळची सरकारी शाळा सोडून दूरच्या खासगी शाळेत मूल घातले, की त्यापाठोपाठ रिक्षा आली. सहा जणांच्या जागी बारा मुले बसलेली, दप्तरे बाहेर लोंबकळत असलेली ती रिक्षा दारात येऊन थांबते आणि घराला वाटते, आपण एक पायरी वर चढलो. शाळा कोणती निवडावी, हा ज्याच्या त्याच्या निवडीचा प्रश्न आहे. परंतु अशा रिक्षात कोंबलेले मूल पायी चालणाऱ्या मुलाहून अधिक सुरक्षित किंवा अधिक सन्मानित असते, हा समज तपासून पाहण्यासारखा आहे.

सोबतीने चालण्यात आणखी एक लाभ आहे. तो प्रौढ विद्यार्थ्याच्या दृष्टीने फार मोलाचा ठरतो. प्राथमिक वर्गांसाठी वर्षाला किमान दोनशे दिवस शाळा भरावी, असे कायद्यात म्हटले आहे. शाळा एक किलोमीटरवर असेल, तर जाऊन-येऊन वर्षाला चारशे किलोमीटर चालणे होते. रायपूरहून नागपूर तीनशे किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे मूल दरवर्षी पायी नागपूर गाठते आणि पुढे वर्ध्याच्याही पलीकडे जाते! लहान मुलाच्या पावलांनी एका खेपेला वीस मिनिटे धरली, तर वर्षाकाठी एकशेतेहतीस तास होतात. एवढा वेळ मुलाशी बोलायला दुसरा कोठून आणावा? घरी दूरचित्रवाणी आणि भ्रमणध्वनी असतो, स्वयंपाक असतो, थकवा असतो. वाटेवर दोघांचे हात मोकळे असतात आणि तोंडेही.

त्यात उरल्याची वाट ही अक्षरांनी भरलेली आहे. कारखान्यांची नावे, धर्मकाट्यावरच्या सूचना, ट्रकांच्या मागे लिहिलेल्या ओळी, औषधांच्या दुकानांच्या पाट्या. बहुतेक हिंदीत, म्हणजे देवनागरीतच. घरी मराठी किंवा झाडीबोली, खेळताना छत्तीसगडी आणि वर्गात हिंदी, अशा तीन भाषांतून रोज ये-जा करणारे मूल या पाट्या मोठ्याने वाचत जाते आणि जिला स्वतःला अक्षरे पुसट झाली आहेत ती आई त्याच्या मागोमाग मनात वाचते. शाळेच्या भिंतीवर ‘शासकीय प्राथमिक शाला’ असे लिहिलेले असते. घरी ‘शाळा’, भिंतीवर ‘शाला’. हे चूक की ते, असे मूल विचारते. दोन्ही बरोबर आहे, हिंदीच्या नेहमीच्या लेखनात ‘ळ’ नाही आणि मराठीत तो आहे, एवढे सांगता आले, तरी व्याकरणाचा एक पाठ उभ्या-उभ्या होतो. ते सांगता आले नाही, तर दोघांनी मिळून बाईंना विचारावे. प्रौढ वयात पुन्हा पुस्तक हाती घेतलेल्या कितीतरी स्त्री-पुरुषांना वर्गात बसून मोठ्याने वाचण्याची लाज वाटते. मुलाबरोबर पाटी वाचताना ती वाटत नाही, कारण ऐकणारे कोणी परके नसते.

या सगळ्यातून असे समजू नये, की कुटुंबे चालू लागली म्हणजे नगरपालिकेची जबाबदारी संपली. रांग हा तात्पुरता उपाय आहे. पदपथ, शाळेजवळ गतिरोधक, नाल्यावर झाकण, शाळेच्या वेळेत जड वाहनांना बंदी या गोष्टी मागून घ्याव्या लागतात. २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने पादचाऱ्यांना अडथळामुक्त पदपथ मिळणे हा राज्यघटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचे म्हटले. न्यायालयाचा शब्द आणि गल्लीतला चिखल यांमध्ये बरेच अर्ज, बऱ्याच खेपा असतात. मात्र सहा घरांतील माणसे रोज एकाच रस्त्याने चालू लागली, म्हणजे कोठे खड्डा आहे, कोठे दिवा बंद आहे, हे सहाही घरांना तारीखवार ठाऊक होते. अशा अर्जाला सहा सह्या असतात आणि तो लिहायला मुक्त विद्यालयातील अर्जलेखनाचा पाठ उपयोगी पडतो.

वाट कायमची धरून ठेवायची नसते, हेही खरे आहे. मूल पाचवी-सहावीत गेले, की आईचा हात सोडू लागते. आधी शाळेचे दार दिसताच, मग वळणावर, मग हातपंपापाशीच. त्याला रागावण्याचे कारण नाही. त्याच्याकडे रांगेच्या शेवटी चालण्याचे काम द्यावे, धाकटी मुले त्याच्या स्वाधीन करावीत. मुली नववीत गेल्या, की शाळा लांब पडते. त्यासाठी छत्तीसगडमध्ये सरस्वती सायकल योजना आहे. बिहारमध्ये २००६ साली सुरू झालेल्या अशाच योजनेने नववीत जाणाऱ्या मुलींची संख्या लक्षणीय वाढली. त्याचे श्रेय सायकलीला आहेच. परंतु गावच्या दहा मुलींच्या हाती एकाच वेळी सायकली आल्यामुळे त्या एकत्र निघू लागल्या आणि रस्त्यावरची टिंगल करणाऱ्यांना एकटी मुलगी सापडेनाशी झाली, हेही श्रेयाचे वाटेकरी मानावे लागेल.

राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या सार्वजनिक परीक्षा वर्षातून दोनदा होतात. परीक्षा केंद्र बहुधा घरापासून दूर, अनोळखी भागात असते. पस्तिशीची परीक्षार्थी प्रवेशपत्र पिशवीत जपून ठेवते, पेन दोनदा तपासते, केंद्राचा पत्ता कोणाला विचारावा या विचारात असते. त्या दिवशी तिला केंद्रापर्यंत पोचवायला पुष्कळदा तिचे मूलच येते. रस्ता ओलांडताना आता ते तिचा हात धरते, फाटकावरची सूचना तिला वाचून दाखवते आणि पेपर सुटेपर्यंत बाहेरच्या झाडाखाली थांबते.